बी विंगवरचा ड्रोन

या, या! असे पुढे सरकून बसा. कीर्तनात मागे बसणाऱ्याला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तो मनाने रचतो. मनाने रचलं की काय होतं, तेच तर आज सांगायचंय! कथा भीतीची आहे, आधीच सांगून ठेवतो. ऐकून झाल्यावर चोरांपेक्षा तुम्हाला माझीच जास्त भीती वाटली, तर दोष माझा नाही.

तर मंडळी, माझी नजर! चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला अख्खी नोकरी गेली माझी. पट्ट्यावरून पार्ट पळत असतात आणि केसाएवढा चरा मी लांबूनच टिपतो. साहेब लोक भिंग घेऊन बसतात, तेव्हा मी हळूच म्हणतो, "सर, तो कडेचा उचला." उचलतात, आणि निघतोच चरा! आमच्या बायकोचं, नीलिमाचं, म्हणणं असं, की ही नजर घरातल्या जळमटांवर कधी पडत नाही. पण ते घर झालं. घरात ओव्हरटाइम मिळत नाही!

दुसरं वेड कीर्तनाचं. कुठे झांज वाजली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. एकदा तर लग्नाला म्हणून निघालो आणि शेजारच्या देवळातल्या कीर्तनाला बसून परत आलो. आहेर तिथेच बुवांना देऊन!

दोन हजार पंचवीस सालची गोष्ट. वर्ष सुरू होतानाच पेपरात आलं होतं, की यंदा आकाशात नुसती जत्रा आहे! जानेवारीत संध्याकाळी ग्रहांची रांग, मग शनीची कडी दिसेनाशी होणार, सप्टेंबरात खग्रास चंद्रग्रहण, वर्षाच्या शेवटी उल्का. म्हटलं, देवाने वर्षभराचा कार्यक्रम वर लावलाय, तर आपण खाली पार्किंगमध्ये कीर्तन लावू! दर महिन्याला एक आख्यान. जानेवारीचा मान शुक्राला, म्हणजे शुक्राचार्यांची कथा.

आणि कीर्तनकार? चिंचवड गावठाणातल्या कस्तुराताई! पूर्वी ताई उभ्या राहिल्या की देवळातली घंटासुद्धा वाजायचं विसरायची. पण गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी झांजा फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. मी विचारायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "मुकुंदराव, आवाज अर्धाच परत आलाय. एकदा उभी राहून बघते. माणसं बसली, तर वर्षभर गाईन. समोर सतरंज्याच दिसल्या, तर समजेन की देवाने थांब म्हटलं."

"ताई, सतरंजी दिसणारच नाही तुम्हाला! एवढी माणसं बसवतो!" छाती ठोकून बोललो मी. मग मी बोलल्यावर काय!

आमची सोसायटी चिखलीत. मी ग्रुपवर टाकलं, 'सर्वांनी सहकुटुंब खाली यावे. घरी कोणीही थांबू नये!' नीलिमाने संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच संध्याकाळी ठेवलं, म्हणजे बायका हमखास. पार्किंगमधल्या गाड्या हलवल्या, मंडप घातला, माइक आला. दिवेलागणीला मंडप असा भरला, की चपलांना जागा उरली नाही. ताई रिक्षाने निघाल्या होत्या. हार घेऊन मी गेटवर उभा राहिलो, आणि सहज वर पाहिलं.

आता आमच्या चिखलीत आकाश आहे, पण ते बघायची पद्धत नाही. वर्कशॉपचे दिवे, रस्त्याचे दिवे, धूळ. वर बघावं तर खालचा खड्डा हुकत नाही! पण त्या दिवशी पाहिलं, आणि पश्चिमेला, बी विंगच्या वर, एक दिवा! पांढराफेक, नव्या बाइकच्या हेडलाइटसारखा. हलत नाही, विझत नाही, नुसता टक लावून आमच्या सोसायटीकडे बघतोय!

"भिवा!" मी वॉचमनला हाक मारली. "ते विमान का रे?"

भिवा राजगुरुनगरकडच्या एका वाडीवरचा. त्याने हाताची झापड करून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "इमान न्हाई, सायेब. इमान लुकलुकतंय. ह्ये डोळं वटारून हुबं हाय."

"मग?"

"डोरोन!" भिवा कुजबुजला. "आमच्या वाडीवर मागं असंच बोलत व्हते लोक. आदी वरनं हिंडून बघायचं कुनाच्या घराला कुलूप हाय, मंग मागनं मानसं यायाची."

कुलूप? अहो, अख्ख्या सोसायटीला कुलूप होतं! घरी कोणीही थांबू नये, हे मीच तर लिहिलं होतं! चोरांना याहून चांगलं आमंत्रण कोण देणार?

तरी म्हटलं, खात्री करावी. शेवटी क्वालिटीचा माणूस. मी कंपाउंडच्या कडेने चालायला लागलो. दिवा बी विंगच्या कठड्यावरून माझ्याबरोबर सरकायला लागला! थांबलो, तोही थांबला. दोन पावलं मागे आलो, तोही मागे! मी एकदम पळालो, तर मेला माझ्या वेगाने पळाला!

"भिवा, तो माझ्या पाळतीवर आहे रे!"

"तुमीच निमंत्रक ना, सायेब," भिवा म्हणाला.

आमच्या कंपनीत एक नियम आहे. शंका आली, की आधी लाइन थांबवायची आणि विचार नंतर करायचा. मी मंडपात घुसलो आणि माइक धरला.

"ऐका! घाबरू नका! वर चोरांचा ड्रोन आलाय! सगळ्यांनी घरी जा आणि आतून कड्या लावा! पण घाबरू नका!"

पुढचं काय सांगू! चहात पडलेल्या माश्यांसारखी माणसं तडफडली. वाणाच्या वाट्या उडाल्या, तिळाच्या वड्या पायाखाली आल्या, एका गृहस्थांनी तर गडबडीत दुसऱ्याचीच सासू तिसऱ्या मजल्यापर्यंत नेली! बघता बघता मंडपात उरल्या फक्त सतरंज्या.

"अहो, ताई येतायत ना आत्ता!" नीलिमा म्हणाली.

"जीव वाचला तर कीर्तन! भिवा, मेन स्विच पाड! त्याला खालचं काही दिसता कामा नये!"

भिवाने भीतीच्या भरात दांडा असा ओढला, की फटकन ठिणगी उडाली आणि सोसायटी काळीकुट्ट झाली. मंडपाच्या कडेला येऊन मी समाधानाने वर पाहिलं, आणि माझी दातखीळ बसायची बाकी राहिली.

डोक्यावर दुसरा ड्रोन! पूर्वेला तिसरा, आणि तो तांबडा!

"रेकॉर्डिंग चालू झालं!" मी ओरडलो. "तांबडा दिवा लागलाय!"

आणि जसजसे डोळे अंधाराला सरावले, तसतसे आणखी. दहा. वीस. वर नुसता बुजबुजाट! भिवा हार्मोनियमच्या टेबलाखाली शिरला आणि तिथून मारुतीचं नाव घ्यायला लागला.

एवढ्यात टॉर्च हलवत अजिमभाई आले. गेटला लागून त्यांचं गॅरेज आहे. त्यांच्या हातात भला मोठा पाना. "मुकुंदभाऊ, क्या हुआ? माणसं का पळाली?"

मी बोट वर केलं. अजिमभाईंनी निरखून पाहिलं. "ड्रोन का? थांबा. नुमानला विचारतो. शारजाला कॅमेऱ्याच्या दुकानात आहे, ड्रोन विकतो तो." त्यांनी धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावून फोन आभाळाकडे धरला.

"भाईजान, कुछ दिखता नहीं," नुमान म्हणाला. "कसा आहे?"

"सफेद. मोठा. मगरिबच्या बाजूला, पश्चिमेला. हलत नाही."

मग नुमानचा बारीक झालेला आवाज आला. "भाईजान... वैसा ही एक इधर भी खडा है. आमच्या बिल्डिंगवर."

आम्ही तिघं एकमेकांना चिकटलो. तेवढ्यात नीलिमाचा फोन वाजला. तिची बहीण योगिनी, नागपूरहून. नीलिमाने तिला सगळं सांगितलं, तशी ती गॅलरीत जाऊन किंचाळली, "अगं ताई, आमच्याकडेही आहे! काल पण होता! मी त्याच्याखाली कपडे वाळत घातले गं!"

चिखली, नागपूर, शारजा! मला घाम फुटला. टोळी साधीसुधी नव्हती!

"उतारतंय!" टेबलाखालून भिवा ओरडला. "सायेब, टाकीवर उतारतंय!"

खरंच की! दिवा खाली आला होता आणि बी विंगच्या पाण्याच्या टाकीला टेकायच्या बेतात होता. मी हाताला लागेल ते उचलून छातीशी धरलं. नंतर कळलं, ती वड्यांची परात होती. आणि नेमकी गेटवर रिक्षा थांबली.

कस्तुराताई उतरल्या. नऊवारी, खांद्यावर उपरणं, हातात फडक्यात बांधलेल्या झांजा. त्यांनी काळोख्या मंडपाकडे पाहिलं. अजिमभाईंच्या टॉर्चच्या उजेडात सतरंज्या पसरलेल्या दिसत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकाम्या.

"कोणीच नाही आलं, मुकुंदराव?" त्या हळूच म्हणाल्या. फडक्याची गाठ त्यांनी आणखी घट्ट केली. "असू दे. कळलं असेल लोकांना, की गळा पूर्वीचा राहिला नाही."

ड्रोनची भीती वेगळी, आणि ही वेगळी.

"नाही हो ताई! मंडप भरला होता! पण तो... तो बघा... टाकीवर!"

ताईंनी मान वर केली. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चक्क हात जोडले!

"अहो, ज्यांचं आख्यान लावायचं, ते शुक्राचार्य वेळेवर हजर आहेत," त्या म्हणाल्या. "श्रोते कुठे गेले?"

मंडळी, परात माझ्या हातातून पडली. तिचा आवाज अजून कानात आहे.

शुक्र! पश्चिमेला शुक्र ठळक दिसेल, हे गेला महिनाभर मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो! फक्त मान वर करून बघितलं नव्हतं. डोक्यावरचा तो गुरू, आणि रेकॉर्डिंग करत होता तो मंगळ!

"भिवा, दिवे लाव!"

"जळालं, सायेब. सकाळी वायरमन आल्याबिगर न्हाई."

दिवे नाहीत म्हणजे माइक नाही. मी मंडपाबाहेर येऊन तोंडाशी हात धरून ओरडलो, "या हो! खाली या! काही नाही, सगळं ठीक आहे!"

दुसऱ्या मजल्यावरच्या अंधारातून कुजबुज ऐकू आली. "आवाज कापतोय बघ. चोरांनी मुकुंदरावांना धरलंय! त्यांच्याकडून बोलवून घेतायत! दार उघडू नकोस!"

आणि वरपासून खालपर्यंत कड्या आणखी एकदा तपासल्याचे आवाज आले.

आता आली का पंचाईत! मी नीलिमाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ताई रिक्षाकडे वळल्या. तेव्हा अजिमभाईंनी पाना बाजूला ठेवला, हात पुसले, चपला काढल्या आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसले.

"ताई, एक माणूस आहे," ते म्हणाले. "सोसायटीत काही असलं की गॅरेजमधून अर्धंमुर्धं ऐकतो. आज पुरं ऐकू द्या."

भिवाही टेबलाखालून रांगत येऊन त्यांच्याशेजारी बसला. नीलिमा बसली. मी सगळ्यांत मागे, जिथे बसायला मी स्वतः लोकांना मनाई करतो तिथे.

ताईंनी फडकं सोडलं. झांज वाजली. माइकशिवाय, दिव्याशिवाय त्यांनी नमन सुरू केलं. आवाज बारीक होता, पण सूर जागेवर! वरच्या पट्टीला गेल्या आणि... तुटला. मधेच तुटला. ताई थांबल्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि त्यात आधी मी जावं, मग तो मेन स्विच. एवढी भीती मला दहा ड्रोननीही घातली नव्हती.

आणि मग चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून कुणा म्हातारीने तुटलेली ओळ पुढे नेली. तिच्यामागे पाचव्या मजल्यावरून एक जाडा पुरुषी आवाज. मग टाळ्या. अंधारात माणूस दिसत नव्हता, नुसत्या गॅलऱ्या गात होत्या! ताईंनी डोळे मिटले आणि पुन्हा सूर लावला. या वेळी तुटला नाही. तुटला असला तरी कळलं नाही, एवढे आवाज खाली धरून होते.

कड्या निघाल्या. मोबाइलचे दिवे जिन्यांवरून खाली आले. चुकलेली सासूही परत मिळाली. पूर्वरंग संपेपर्यंत सतरंजीचा एक धागा दिसेना!

मग आख्यान. बळीराजा दान द्यायला बसलाय, हातावर पाणी सोडणार, तेवढ्यात त्याचे गुरू शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरून बसले. पाणीच येईना! वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली आणि आचार्यांचा डोळा गेला. इथे ताई थांबल्या आणि मागच्या रांगेकडे बघत म्हणाल्या, "शुभकार्याची वाट अडवून बसणारा आपलाच माणूस असतो हो. आणि त्याला आपल्या नजरेचा फार अभिमान असतो!"

अख्खी सोसायटी वळून माझ्याकडे बघून हसली. शुक्र तेवढा लाजून आधीच टाकीआड गेला होता.

ताईंनी ते वर्ष पुरं केलं. सप्टेंबरात ग्रहणाला सगळे खाली नामस्मरण करत बसलो होतो. ढगांच्या फटीतून चंद्र लाल झालेला दिसला, तेव्हा लोकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी माइकपासून लांब आहे ना, याची खात्री करायला! डिसेंबरच्या कीर्तनानंतर मात्र ताईंचा गळा पुन्हा बसला. डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलंय. झांजा परत फडक्यात आहेत, पण त्या म्हणतात, गाठ सैल बांधलीय.

तेव्हा एवढं करा. संध्याकाळी कधी पश्चिमेला तो पांढरा दिवा दिसला, तर घाबरू नका, कड्या लावू नका. हात जोडा आणि आमच्या कस्तुराताईंच्या गळ्यासाठी देवाला एक शब्द घाला. माझी आठवण काढली नाहीत तरी चालेल. ती आमच्या सोसायटीत रोज निघते, वरून साधं विमान गेलं तरी!