लिफ्टमधली सोबत

लिफ्टच्या मिस्त्रीलाच लिफ्टची भीती वाटू लागली, ही गोष्ट त्याने बायको आणि डॉक्टर सोडून सगळ्यांपासून लपवली होती. तरी साहेबांना ती कळलीच. "आज काम अर्धवट टाकून पळालात, तर उद्यापासून गोदामात बसा," त्यांनी सुनावलं. वीस वर्षं हात काळे केले ते खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवायला? मिस्त्रीला नुसत्या कल्पनेनेच रडू येत होतं.

डॉक्टरांचा उपाय सोपा होता. "जे दिसतं, ऐकू येतं, त्याचा वेगळा अर्थ लावायचा. भीती आपोआप उतरते."

सुट्टीमुळे सातमजली इमारत ओस पडली होती. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मिस्त्रीने मेन स्विच बंद केला. आधी लिफ्ट रिकामी असल्याची खात्री करायची असते. पण आज इथे कोण कडमडणार? पाचच मिनिटांत खालच्या अंधाऱ्या पोकळीतून ठकठक ऐकू आली.

'पत्रा थंड होतोय,' त्याने अर्थ लावला. मग कुणीतरी कण्हलं. 'वारा.' मग अगदी स्पष्ट, लांबवलेली हाक आली, "जावईबापूऽऽ..."

त्याच्या हातातला पाना गळून पडला. पण उपाय तो उपाय. 'मनातली धास्ती सासूबाईंच्या आवाजात नाही बोलणार, तर कुणाच्या?' हे त्याला इतकं पटलं की भीती खरंच पळाली. तासभर हाका येत राहिल्या आणि तो मजेत शीळ घालत वंगण देत राहिला.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, आई पोचली का? तुमचा चष्मा घेऊन कधीची निघालीय!"

मिस्त्रीने स्विच चालू केला आणि धडपडत सातव्या मजल्यावर उतरला. लिफ्ट वर आली, दार उघडलं. सासूबाई चष्मा हातात घेऊन फरशीवर निवांत बसल्या होत्या.

"आई, माफ करा! फार घाबरलात ना?"

"छे! तुमची शीळ ऐकून संताप मात्र आला. पण या बाई म्हणाल्या, वेगळा विचार करा, जावई कामात गर्क आहेत. तासभर माझा हात धरून बसल्या होत्या बिचाऱ्या. हात तेवढा फार गार हो त्यांचा."

लिफ्टमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. मिस्त्रीने चष्मा लावून पुन्हा पाहिलं. पत्रा, वारा, धास्ती, कुठलाच अर्थ बसेना.

सासूबाई बाहेर आल्या आणि रिकाम्या लिफ्टकडे वळून म्हणाल्या, "चला हो, जिन्यानेच उतरू सगळे."

मिस्त्रीने फोन लावला. "साहेब, गोदामाचा मी जरा वेगळा विचार केला. तिथं लिफ्ट नाही, केवढी सोय! आजच येऊ का?"