परीक्षक नेमका कोन?

यंदाचं बक्षीस आपलंच! हे मी अख्ख्या अकोटात सांगून ठेवलं होतं. विभागातल्या कापड दुकानदारांच्या संघटनेनं सगळ्यात सुंदर दुकानाले बक्षीस काढलं, अन् माही तयारी अशी, की बाकीच्यांनी भाग घ्याची तसदीच घेऊ नये! जिनिंग कारखान्यातून कापसाची अख्खी दाबलेली गाठ आनली, दुकानाच्या काचेमागं ठेवली, अन् तिच्या पोटातून लांबच लांब सुती साडी बाहेर येऊन राहिली, असा देखावा केला. पाहनारा मानूस सायकलवरून उतरलाच पाहिजे! कल्पना तशी लहान्या भावाच्या, नितेशच्या डोक्यातली. पन डोकं आमच्याच घरचं ना? मंग स्पर्धेच्या अर्जावर 'गजेंद्रभौ साडी सेंटर' एवढं लिहून मी मोकळा झालो.

घोळ एकच होता. परीक्षक न सांगता येनार, गिऱ्हाईक बनून. अन् त्याच हप्त्यात नितेशच्या चौकशीलेबी शेंदूरजनाघाटचं कोनीतरी येनार होतं. सोयरीक जोडाच्या आधी पोरीकडचं मानूस आमच्याकडं असंच गुपचूप येते, दुकानात बसते, पोराचं पानी जोखते. अपेक्षा नावाची ती पोरगी नितेशनं वरुडच्या एका लग्नात पाहिली होती. तेव्हापासून पठ्ठ्या साड्या उलट्या गुंडाळून राहिला होता.

"दोघंबी न सांगता येनार. मंग कोन परीक्षक अन् कोन सोयरे, हे वळखाचं कसं?" माह्या बायकोनं, ललितानं इचारलं.

"माही नजर हाय ना!" मी म्हनलं.

सोमवारी एक गृहस्थ आले. खिशाले पेन, डोळ्याले चष्मा. साड्यांकडं पाहेच ना! छत पाहिलं, भिंतीवर टकटक केलं. बाप्पा, परीक्षकच!

"इमारत सोताची?"

"सोताची! मांडनीबी माही अन् डोकंबी माहंच!"

"अन् लहाने भाऊ काय करतात?"

मले नवल वाटलं. परीक्षकाले माह्या भावाचं काय पडलं? पन ती श्रेय वाटून घ्याची येळ नव्हती.

"तो? घड्या घालते फक्त! बाकी ठनठन गोपाल!"

गृहस्थ अर्धा चहा टाकून उठले. मले वाटलं, भारावले!

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. देखाव्याचे फोटो काढले, नितेशकडं टक लावून पाहिलं. ही पोरीची आत्या, अजून कोन!

"हा देखावा कुणाला सुचला?" त्यांनी इचारलं.

"नितेशले!" मी ठोकून दिलं. "दुकान त्याच्याच डोक्यानं चालते. मी आपला नावाले बसतो. अन् स्वभावानं गाय हो! नितेश, जरा चालून दाखव बरं ताईले!"

"अहो, चालून कशाला?"

"पाहून घ्या. मांगून तक्रार नको!"

नितेश लाजत लाजत गल्ल्यापासून दरवाज्यापर्यंत जाऊन आला. बाई पदरात तोंड लपवून हसतच बाहेर पडल्या.

शनिवारी ललिताले शेंदूरजनाघाटहून फोन आला. फोन ठेवून ती माह्याकडं अशी पाहे, की मी उभ्या उभ्या आटलो.

"सोमवारी अपेक्षाचे बाबा देवरावजी आलते! 'खुद्द मोठा भाऊच पोट्टं बिनकामाचं म्हनते, मंग आमी काहून पोरगी द्याची?' असं म्हनले ते! काय बोलले तुमी त्याईले?"

त्या राती नितेश जेवला नाई. कापसाच्या गाठीजवळ बसून राहिला. बक्षिसापायी सख्ख्या भावाचं जमत आलेलं लग्न मोडलं ना मी! पन मंग ती बाई कोन होती?

उत्तर पेपरात आलं. पहिलं बक्षीस अकोटले! मांडनीकार, नितेश. खाली परीक्षक बाईंचं मत छापलं होतं, 'स्वतः मागं राहून धाकट्या भावाला सगळं श्रेय देणारे असे मालक दुर्मिळ!'

ललिता पोट धरून हसली. आयुष्यात एकदा खरं बोललो होतो, तेबी खोटं समजून!

पेपर शेंदूरजनाघाटलेबी जाते. दोन दिवसांत देवरावजी संत्र्याची पेटी घेऊन हजर!

"गजेंद्रभौ, एवढा हुशार पोरगा! मंग त्या दिवशी तसं काहून बोलले?"

"तुमाले परीक्षक समजलो जी!"

"मंग चुकलं काय? परीक्षकच होतो मी! दुकानाचा नाई, जवायाचा!"

लग्न धूमधडाक्यात झालं. आता नितेशले दर्यापूर-अकोल्याहून दुकानं सजवाले बोलावनी येतात. मांगं दुकानात घड्या मी घालतो. त्याबी वाकड्या, असं ललिता म्हनते!