राहून गेलेली आरोळी

ग्रंथपाल निवृत्त झाले, पण आवाज काही त्यांना परत मिळाला नाही. उभी हयात वाचनालयात "शूऽऽ" करण्यात गेलेली. घरीसुद्धा ते शिंकण्याआधी इकडेतिकडे बघत.

त्यामुळे गेल्या वर्षी लिफ्टमध्ये अडकले तेव्हा त्यांनी घंटा दाबली नाही. दुपारची वेळ, लोक झोपलेले. दारावर बोटाने टकटक करून ते म्हणाले, "कुणी आहे का? सवडीने आलात तरी चालेल." लोक सवडीनेच आले. तेव्हापासून लिफ्ट दिसली की त्यांचं अंग थरथरू लागे. पंचाईत अशी, की दुखऱ्या गुडघ्यांना जिने वर्ज्य, मुलगी राहणार नवव्या मजल्यावर आणि सोमवारपासून ती कामावर रुजू होणार. नातीला सांभाळायचं आजोबांनी मोठ्या तोऱ्यात कबूल करून ठेवलं होतं.

म्हणून ते थेरपिस्टबाईंकडे जाऊ लागले. या बाई मनाची चौकशी कमी आणि शरीराची जास्त करत.

"आत्ता कुठे जाणवतंय?"

"घशात. काहीतरी अडकल्यासारखं."

"तेव्हा ओरडायचं राहून गेलं ना, तेच आहे ते. आता ओरडून बघा."

ग्रंथपालांनी दाराकडे नजर टाकली आणि ते हळूच म्हणाले, "वाचवा."

"जरा मोठ्याने."

"बाहेर कुणी बसलं असेल हो."

बाई हसल्या. "बरं, घाई नाही. पण थरथर सुटली तर आवरू नका. पाय जमिनीला टेकवा आणि होऊ द्या. आपोआप ओसरेल."

रविवारी ग्रंथपाल मुलीच्या इमारतीत सरावाला गेले. लिफ्टसमोर पाय टेकवले, डोळे मिटले आणि इमानेइतबारे थरथरू लागले.

वॉचमन धावला. "अहो काका! काय होतंय?"

"होऊ द्या," ग्रंथपाल कुजबुजले.

"झटका आलाय! आवाजपण गेला यांचा! मुलगी वरच राहते, चला, उचला!"

नुकत्याच आलेल्या पार्सलवाल्याने पाय धरले, वॉचमनने खांदे. तळमजल्यावरचे दंतवैद्य मदतीला आले, त्यांनी सवयीने जबडाच धरला. वरात लिफ्टमध्ये शिरली आणि दार बंद झालं.

बाईंनी आवरू नका म्हणून बजावलेलं, आणि इथे तिघं मिळून आवरत होते. "माफ करा, जरा..." असं ग्रंथपालांनी दोनदा सुरू करून पाहिलं, पण जबडा दंतवैद्यांच्या ताब्यात. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर सरकलं, छातीत आलं, घशाशी क्षणभर घुटमळलं आणि सुटलं.

"सोडाऽऽ मलाऽऽ!"

दंतवैद्य कोपऱ्यात जाऊन चिकटले. पार्सलवाल्याने पाय सोडले, वॉचमनने खांदे. ग्रंथपाल स्वतःच्या पायांवर उभे राहिले. लिफ्ट आपली वर चाललीच होती. घसा मोकळा झाला होता आणि थरथरही थांबली होती.

दार उघडलं. आरोळी ऐकून मुलगी नातीला कडेवर घेऊन बाहेर धावली होती.

"बाबा! लिफ्टने आलात?"

"आलो खरा," ते खणखणीत आवाजात म्हणाले, आणि त्यांना रडूच फुटलं. नातीने हात पुढे केले तशी त्यांनी तिला घट्ट पोटाशी धरलं.

मागे वॉचमन भिंतीला टेकला होता. त्याचे पाय लटलट कापत होते.

"काका, मी जिन्यानेच जातो खाली."

"जा, सावकाश जा," ग्रंथपाल म्हणाले. "पाय कापतायत ते कापू द्या. आणि काळजी करू नका, उद्यापासून मी रोज आहेच. हात धरून नेईन तुम्हाला लिफ्टने."