झोपाळ्याची पिशवी

होणाऱ्या विहीणबाईंना मी फोनवर सांगून बसलो, "पुढच्या रविवारी याल तेव्हा माझ्या हाताने विणलेली पिशवी देईन." बोलायला काही भांडवल लागत नाही. (व्यापाऱ्याची सगळी दुखणी इथूनच सुरू होतात.)

मी बालाजीराव. घराणं तंजावरचं, दुकान गिंडीत, माल पॅकिंगच्या प्लास्टिक पट्ट्या. शाळा आठवीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. एकदा मशीन पॅक करून पाठवणाऱ्या एकाने विचारलं, "पट्टी किती टिकेल?" म्हटलं, "मशीन पोचेपर्यंत. पुढे मशीनने स्वतःची काळजी घ्यायची." तो आजही माझ्याकडेच येतो.

तर माझा रक्तदाब वाढला. मुलगी कीर्तना (सिरुसेरीत आयटीत नोकरी, पुढच्या महिन्यात लग्न) म्हणाली, "अप्पा, हाताने काहीतरी करा. रोज अर्धा तास. टार्गेट नको. उरलेलं सामान वापरा, म्हणजे सस्टेनेबल. आणि आज काय शिकलो ते वहीत लिहा."

पट्ट्यांचे उरलेले तुकडे दुकानात ढीगभर. इथे तमिळ मुलखात घरोघरी बायका प्लास्टिक वायरच्या पिशव्या विणतात, तशी आपण पट्टीची विणू. माझी बायको सकवारबाई तीस वर्षं विणतेय. पण दुकानदाराने स्वतःच्या मालाची माहिती घरात विचारायची? मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला.

पट्ट्या ताणून धरायला काहीतरी हवं. मी बसलो होतो हॉलमधल्या झोपाळ्यावर, शेजारी साखळी. पट्ट्यांचा जुडगा साखळीला आवळला आणि तिच्याभोवतीच तळ सुरू केला. मग भिंती. रोज अर्धा तास, नंतर वही. 'आज चार ओळी. मन शांत.' 'हात आपोआप चालतो. मी आणि पिशवी आता वेगळे नाही.' नऊ दिवसांत अकरा पानं भरली. (पिशवीकडे नीट पाहायला तेवढी सवड झाली नाही.)

शनिवारी मुठी बसवल्या आणि पिशवी उचलली. झोपाळाही आला.

साखळी पिशवीच्या तळातून शिरून तोंडातून निघून सरळ छताला गेली होती.

"अहो, झोपाळ्याला कशाला पिशवी घातलीत?" सकवारबाई.

"घातली नाही. विणता विणता झालं."

तिने पिशवीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"छतातून साखळी काढली तर?" मी विचारलं.

"तळाला भोक राहील. विहीणबाईंनी त्यातून काय न्यायचं, वारा?"

"मग कापू?"

"कापा. आणि त्यांना नुसत्या पट्ट्या द्या. त्या तुम्ही विकताच."

रविवारी पेरुंगुडीहून वसंतराव आणि विद्युलताबाई आले. मी पिशवीवर टॉवेल टाकून ठेवला होता. व्याही नेमके झोपाळ्यावर बसले, हातात कॉफी.

"माझी पिशवी कुठंय?" विद्युलताबाई म्हणाल्या. "सगळ्या अपार्टमेंटला सांगून आलेय, आमचे व्याही कलाकार आहेत म्हणून."

तेवढ्यात टॉवेलखालून डोकावणारी मूठ त्यांना दिसली. "हीच ना?" म्हणत त्यांनी ती प्रेमाने ओढली. झोपाळा त्यांच्याकडे गेला, वसंतराव मागे गेले आणि कॉफी त्यांच्या पांढऱ्या पँटवर गेली. टॉवेल खाली पडला.

"थोडं फिनिशिंग राहिलंय," मी म्हटलं.

सकवारबाई आतून आली ती हातात घट्ट विणीची, देखणी पिशवी घेऊनच. "तो नुसता नमुना होता. तुमची ही."

विद्युलताबाईंनी उलटून-पालटून पाहिली. "बालाजीराव, हात चांगला आहे तुमचा."

मी नम्रपणे हात जोडले. (मालाचं कौतुक चाललं असताना तो कुठून आला हे आपण सांगू नये, हा धंद्याचा नियम.)

"माझ्या पाच मैत्रिणींनाही अशाच हव्यात. लग्नापर्यंत होतील?"

"होतील की," मी म्हटलं. सवय, दुसरं काय.

पाहुणे गेल्यावर सकवारबाईने पट्ट्यांचा भारा माझ्यापुढे टाकला. "पाच. मी एकीलाही हात लावणार नाही. शिकवीन तेवढं." मी भारा उचलून झोपाळ्याकडे वळलो.

"खाली," ती म्हणाली. "जमिनीवर."

तीन झाल्यात. आधी दोन उसवल्या. ती पहिली पिशवी अजून साखळीला आहे. सकवारबाईने माझी चिंतनाची वही तीतच ठेवलीय. म्हणते, दोन्ही एकाच जागी बऱ्या, घराबाहेर नेण्यासारखं त्यात काही नाही.