फ्राउ रुसेलची वंशावळ

नाती काढण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या नाशकात नाही. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी कुणीही बसू द्या, मठ्ठा वाढून होईपर्यंत तो माझ्या आत्याच्या जावेचा चुलतभाऊ निघालेला असतो. त्यामुळे जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या आमच्या घरमालकीण फ्राउ रुसेल जेव्हा म्हणाल्या, की ऐंशीव्या वाढदिवसाला पाहुण्यांपुढे आपल्या मूळच्या फ्रेंच घराण्याची वंशावळ वाचली जावी अशी त्यांची फार इच्छा आहे, तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "गेनाऊ, अगदी बरोबर! ते काम माझं."

"अहो, आपल्याला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही," माझी बायको साधना मराठीत पुटपुटली.

"नावं तर वाचता येतात ना?"

खरं कारण निराळं होतं. आमचा मीटफरत्राग, म्हणजे भाडेकरार, त्याच महिन्यात संपत होता आणि या गावात दुसरं घर मिळणं म्हणजे लॉटरीच. बाईंना खूश करायचं आणि नव्या करारावर सही मिळवायची, असा साधा बेत.

घराण्याचा मूळ पुरुष पिएर रुसेल. मोजे विणणारा. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी धर्मापायी फ्रान्समधून पळाला आणि इथल्या फ्रेंच वसाहतीत स्थायिक झाला. बायकोचं नाव मारी. चर्चच्या जुन्या वहीची झेरॉक्स फ्राउ रुसेलनीच दिली होती. तिच्यात मारीची पाच मुलं सापडली. मी त्यांची नावं वाचली आणि आधी आमच्या अपूर्वाला आतल्या खोलीत पाठवलं. पोरगी उत्तरं जर्मनमध्ये देते, पण मराठी तिला सगळं कळतं.

"साधना, भलतंच प्रकरण आहे. थोरला जाँ अब्राहम रुसेल. मग पॉल एतिएन, दानिएल इझाक, लुई मातिअ, आंद्रे सिमों."

"बरं, मग?"

"अगं, मधलं नाव बघ! बापाचं नाव पिएर, आणि एकाच्याही मधे पिएर नाही. पाच मुलं, पाच बाप!"

साधना मटकन खुर्चीत बसली. म्हणाली, "बिचारा पिएर. दिवसभर मोजेच विणत बसला असेल."

आता ऐंशी वर्षांच्या बाईला ऐन वाढदिवशी हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यात आमची सही अडकलेली. शेवटी मारीची अब्रू मीच झाकली. सुबक तक्ता काढला आणि पाचही पोरांच्या नावात पिएर घुसवून मोकळा झालो.

वाढदिवसाला पंचवीस पाहुणे केक खात होते. मी तक्ता उलगडून पहिलं नाव वाचलं, तोच फ्राउ रुसेल म्हणाल्या, "थांबा. जाँ पिएर कोण? आमचा तो जाँ अब्राहम."

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. साधनाही मागोमाग आली. मी फ्राउ रुसेलना पाणी दिलं, मन घट्ट करायला सांगितलं, आणि मधलं नाव बापाचंच असतं इथपासून सुरुवात करून मारीबद्दल सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी दाराकडे बोट केलं. संपलं, आता सामान बांधायचं, असं मला वाटलं. पण दाराबाहेर त्यांचे दोन मुलगे कॉफी पीत उभे होते.

"हेर गायधनी, माझा थोरला थॉमस मिखाएल. धाकटा आंद्रेआस वोल्फगांग. आणि माझ्या नवऱ्याचं नाव होतं हान्स."

मी बोटांवर नावं मोजली. हान्स कुठेच नव्हता.

"दुसरं नाव गॉडफादरचं आहे," त्या म्हणाल्या. "बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात धरतो त्याचं. मारीच्या मुलांचंही तसंच. वहीत शेजारच्या रकान्यात लिहिलंय की."

तो रकाना फ्रेंच दिसल्याबरोबर मी मागे दुमडून टाकला होता.

फ्राउ रुसेल हसायला लागल्या, त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसताच त्यांनी ड्रॉवरमधून नवा करार काढला आणि सही ठोकली. माझा जीव भांड्यात पडला. पाचही पोरांना मी तिथल्या तिथे त्यांची खरी नावं परत केली.

करार हातात देताना त्या म्हणाल्या, "आल्झो, अस्सं! तुमच्या मुलीच्या कागदांवर 'अपूर्वा दीनानाथ' असतं ते यामुळे होय! मला काहीतरी वेगळंच वाटायचं."

"काय वाटायचं?"

"की या गृहस्थांना स्वतःचं नाव फार म्हणजे फारच आवडतं. पोरीलासुद्धा तेच देऊन टाकलं."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. पण एरवी जर्मन बोलायला लाजणारी साधना मधेच खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली, "नाही नाही, फ्राउ रुसेल. तुम्ही बरोबर ओळखलंत."