निंबाखालची जागा

आमच्या बाजारात निंबाखालची जागा सगळ्यांत गार, अन् तीच कायम रिकामी. कुणी तिथं टोपली टेकवली की बाबाराव पाटील काठी घेऊन हजर. "ऊठ बे, जागा धरलेली हाय." कुणासाठी, ते सांगत नसत. एकदा त्यांनी तहसीलच्या चपराशाला उठवलं, तेव्हा मी थिजलोच. निजामाच्या अमलात सरकारी माणसाला हटकायचं म्हणजे काय खेळ आहे?

मी शाळेतला मुन्शी, तेव्हा गावात नवा. पाटलांचे अर्ज उर्दूत लिहायचं लोढणं माझ्या गळ्यात. आमचा बाजार पूर्वी बुधवारचा. नदीपल्याडच्या पिंपळगावचा मंगळवारचा. पाटलांनी केजच्या तहसिलीत अर्जावर अर्ज करून आपलाही मंगळवारीच आणला. "त्यायचा बाजार मोडतो का न्हाई बघा, मुन्शीजी."

पिंपळगावचे पाटील काय ऐकतात? त्यांनी आपल्या माणसांना नदी ओलांडायलाच बंदी केली. निम्मे व्यापारी इकडे, निम्मे तिकडे, अन् दोन्हीकडे दिवसभर माश्या मारायच्या. तरी बाबाराव म्हणत, "आपलाच बाजार लई जोरात हाय."

अन् एके सकाळी हेच बाबाराव माझ्या दारात. "अर्ज लिवा. आपला बाजार पुन्ना बुधवारी करा म्हनून."

मी बोरू खाली ठेवला. "का बरं, पाटील?"

"यापारी दोनी बाजार करतील. दोनी गावं जगतील." मग नदीकडं बघत म्हणाले, "गोदीला दोन वर्सं पायलं न्हाई, मुन्शीजी."

गोदा त्यांची एकुलती लेक. पिंपळगावात दिलेली, त्या बंदीत अडकलेली.

तहसीलदार म्हणाले, दोन्ही पाटलांची सही आणा. ज्याचं नाव निघालं की बाबाराव थुंकायचे, त्याच्या ओसरीवर ते हात जोडून उभे राहिले. मी सोबत होतो म्हणून सांगतो, नाहीतर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. पिंपळगावच्या पाटलांनी सही केली, बंदीही उठवली.

पहिल्या बुधवारी एक बाई वांग्यांची टोपली घेऊन आली अन् कुणाला न विचारता थेट निंबाखाली बसली. पाटील काठी टेकत निघाले. आता हिलाही उठवणार, असं मला वाटलं.

"ऊन येतंय का गं, गोदे?"

"न्हाई, आबा. पैल्यासारखीच सावली हाय."

पाटलांनी काठी झाडाला टेकवली, लेकीशेजारी मातीत फतकल मारली अन् ओरडायला लागले, "वांगी घ्या, कवळी वांगी." सगळा बाजार बघत राहिला. एवढा मोठा माणूस वांगी विकतोय, पण हसलं कुणी नाही.

मला वांगी अजिबात आवडत नाहीत. त्या दिवशी मी दोन शेर घेतली.