पाद्रीबुवा, सहा खुर्च्या आणि विक्रीकर

स्वतःचं घर स्वतः बांधलं की त्यात बसवलेल्या सामानावरचा विक्रीकर सरकार परत देतं, हे आमच्या वेल्समध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो अर्ज भरायला लोक हिशेबनीस गाठतात. मी नाही गाठला! एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलेला माणूस मी. लोकांचे अर्ज खिडकीपलीकडून उलटे वाचलेत!

"एम्लिन, एकदा कुणाला तरी विचार," असं मार्गेड, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती. घर बांधून होईपर्यंत तीन वर्षं आम्ही दोघं शेतात उभ्या केलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या एका खोलीत, राहिलो होतो. तिथे एकाला कूस बदलायची तर दुसऱ्याला उठून बसावं लागे. त्या हालांचं काहीतरी चीज व्हावं, एवढीच तिची इच्छा.

"विचारायचंय काय त्यात?" मी अर्जासोबत आलेली सरकारी पुस्तिका नाचवली. "स्वच्छ लिहिलंय. जी वस्तू घराला पक्की जोडलेली आहे, जी काढायला हत्यारं लागतील आणि काढताना घराची मोडतोड होईल, तिच्यावरचा कर परत!"

"मग?"

"मग काय! जोडायचं!"

सोमवारी मी कपाट भिंतीला ठोकलं. मंगळवारी पुस्तकांची मांडणी. बुधवारी सोफा जमिनीला. गुरुवारी मार्गेड सोफा ओढून खाली झाडायला गेली. सोफा जागचा हलला नाही, तिची कंबर मात्र हलली!

"हे काय केलंस रे?"

"एकशे चाळीस पौंड वाचवले!"

"आणि माझी कंबर?"

"तिच्यावर कर नाही."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तेवढ्या शांततेत माझं जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या उरकल्या! अस्सल ओक. प्रत्येक पायाला लोखंडी पट्टी, पट्टीला चार स्क्रू आणि भोकांत वरून गोंद. भूकंप झाला तर गाव जाईल, पण टेबल राहील असं काम! खुर्ची टेबलापासून किती दूर ठेवायची याचं माप मी स्वतः बसून घेतलं. आता माझी अंगकाठी म्हणाल तर छत्रीला कोट घातल्यासारखी.

रविवारी सासूबाई आल्या आणि घराला आशीर्वाद द्यायला चॅपलच्या पाद्रीबुवांना घेऊन आल्या. आदरणीय ट्युडर बेब. माणूस देवासारखा, पण आकार देवळासारखा!

सासूबाई बुटक्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढायला हात घातला.

"जावईबापू, ही खुर्ची रुसलीय का?"

"बसवलेली आहे, आई. तुम्ही पुढे वाका."

त्या वाकल्या आणि पुदिन्याची चटणी त्यांच्या मांडीवर आली. पाद्रीबुवा मात्र बाजूने, श्वास आत घेऊन, पत्र पेटीत सरकवावं तसे अलगद आत गेले. इथवर ठीक होतं. पण मार्गेडच्या हाताला चव आहे! बुवांनी भाजलेलं कोकरू दोनदा घेतलं, बटाटे मोजले नाहीत आणि वर तांदळाची खीर तीन वाट्या. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "निघतो. चारला बाळाचं बारसं आहे."

आणि उठलेच नाहीत.

"बुवा?"

"एम्लिन," ते हळूच म्हणाले, "मला वाटतं, मी अडकलोय."

मी ओढलं. मार्गेडने ओढलं. सासूबाईंनी मागून ढकलता ढकलता प्रार्थना सुरू केली. मी धावत जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला, पण गोंद इतका इमानी निघाला की स्क्रूंची डोकी गुळगुळीत झाली तरी एक स्क्रू फिरेना! पावणेचार वाजले. शेवटी मार्गेडने पलीकडच्या इल्टिड सुताराला हाक मारली.

इल्टिडने टेबलाखाली बघितलं. मग पाद्रीबुवांकडे. मग माझ्याकडे.

"हे कोणत्या शहाण्याचं काम?"

"करासाठी..." मी पुटपुटलो.

"अरे, फर्निचरवरचा कर परत मिळत नाही! छपराला उलटं टांगलंस तरी मिळत नाही! दारं, खिडक्या, लाकडी जमीन, ओट्याखालची कपाटं, असलं घराचाच भाग असलेलं सामान चालतं. पुस्तिका शेवटपर्यंत वाचलीस का?"

मार्गेड माझ्याकडे नुसती बघत राहिली. तीन वर्षं कॅरॅव्हॅनमध्ये काढलेल्या बाईचं बघणं म्हणजे काय, ते मला विचारा!

इल्टिडने करवत काढली आणि खुर्चीचे चारही पाय एकेक करून कापले. चौथा पाय तुटला तसे पाद्रीबुवा लिफ्टसारखे खाली गेले. क्षणभर टेबलाच्या कडेवर नुसती हनुवटी दिसली, मग तीही गेली. थोड्या वेळाने ते पलीकडून, सासूबाईंच्या पायांजवळ, रांगत बाहेर आले.

"घरावर देवाची कृपा राहो," कोट झटकत ते म्हणाले, "आणि तुझ्यावर जरा जास्तच राहो, एम्लिन."

बारशाला ते वेळेत पोचले.

त्याच संध्याकाळी मी शहाण्यासारखा अर्जातून फर्निचर गाळलं आणि इल्टिडने सांगितलेलं तेवढं ठेवलं: दारं, खिडक्या, लाकडी जमीन, स्वयंपाकघरातली कपाटं. दोन महिन्यांनी पत्र आलं. पै न् पै मंजूर! मी पत्र घेऊन नाचतच सुटलो. मार्गेड बाथटबमध्ये होती. दाराबाहेरून मी तिला आकडा ओरडून सांगितला.

आतून पाण्याचा आवाज थांबला.

"एम्लिन, यात हा टब धरलास?"

मी घाईघाईने अर्जाची नक्कल चाळायला लागलो.

"बेसिन? कमोड? नळ? बाराशे पौंडांचं बिल होतं!"

"पुन्हा अर्ज करतो की!"

"एकदाच करता येतो. पत्रात खाली लिहिलं असेल, वाच."

वाचलं. लिहिलं होतं.

"पण विसरलास कसा तू?"

आता काय सांगणार तिला? अख्ख्या घरात नळवाल्याने बसवलेलं तेवढंच सामान होतं, जे मला ठोकावं लागलं नव्हतं!